बोटीवरची आत्या

मला दुपारी कोणी उठवलं की माझं डोकं फिरतं. निगडीच्या आमच्या सोसायटीत हे सगळ्यांना पाठ आहे, म्हणून दोन ते चारच्या मध्ये माझ्या दाराची बेल वाजवायची कोणाची छाती होत नाही. त्या शनिवारी मात्र बेल वाजली, आणि वाजतच राहिली. मी उठले ती भांडायच्या तयारीनंच. दारात कंपनीच्या निळ्या शर्टातली एक पोरगी उभी. पाठीला सॅक, हातात नारळ.

“कस्तुरा मॅडम ना? कँटीनवाल्या?”

“कँटीनवाली काय? लेबर वेल्फेअर ऑफिसर होते मी! वर्गणी असेल तर वरच्या मजल्यावर जा, इथे काही मिळत नाही.”

“मी दिव्या,” ती म्हणाली. “धीरजची मुलगी.”

“कोण धीरज?” म्हणायला मी तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. धीरज नावाचा एकच माणूस माझा होता. त्याचं नाव मी स्वतः ठेवलं होतं, भर समुद्रात, बोटीच्या डेकवर.

मी तिला हाताला धरून आत ओढलं. “आत्ता आलीस होय गं?” असं वर ओरडलेसुद्धा. माझं असंच आहे, रडू आलं की मी आधी ओरडते.

तिनं नारळ टेबलावर ठेवला. “आमच्याकडचा नाही हां, भोसरीच्या मंडईतला आहे. पण आई म्हणायची, कस्तुरा आत्याकडे खोबऱ्याशिवाय जायचं नाही.”

खरं होतं ते. दर दिवाळीच्या आधी मला निकोबारहून कापडात शिवलेलं खोबऱ्याचं पार्सल यायचं. इतकं, की आमच्या कँटीनच्या चिवड्यालाही त्यातलं पुरायचं. दोन हजार चारच्या डिसेंबरात ती लाट आली आणि पुढच्या दिवाळीला पार्सल आलं नाही. मी फोन केले, ऑफिसांचे उंबरे झिजवले. कोणी म्हणे वस्ती वाहून गेली, कोणी म्हणे माणसं छावणीत आहेत. काय ते मला कळलं होतं, पण तोंडावर कोणी सांगितलं नव्हतं, आणि तोवर मी मानायला तयार नव्हते.

आता दिव्यानं सांगितलं. तिचे आजी-आजोबा आणि बाबा, तिघंही त्या लाटेत गेले. ती आणि तिची आई तेव्हा पोर्ट ब्लेअरला आजोळी होत्या म्हणून वाचल्या. पुढे आईही आजारानं गेली. पोरगी डिप्लोमा करून चाकणला नोकरीला आली, कुरुळीत खोली घेऊन राहते, मराठी इथेच येऊन शिकली. मला शोधायला तिच्याकडे एवढंच होतं, की पिंपरीच्या कंपनीत कँटीन बघणारी एक कस्तुरा आत्या आहे. भोसरीतल्या एका म्हाताऱ्या फिटरला तिनं विचारलं तर तो म्हणाला, “कस्तुरा मॅडम? निगडीला असतात की. अजून भांडतात का?”

मी हसले, आणि हसता हसता पदर तोंडाला लावून रडले. पोरगी बिचारी घाबरून पाणी आणायला धावली. तिची ती चाल बघितली आणि मला शालनबाईच दिसली, तिची आजी, बोटीच्या डोलणाऱ्या फळ्यांवर पाय फाकवून चालणारी.

मी तेव्हा बावीस वर्षांची होते. वडील कोंडीराम खडकीच्या कारखान्यात कामगार. मी समाजसेवेचं शिक्षण घेतलेली, अंगात नुसती मस्ती. सरकार तेव्हा माजी सैनिकांची कुटुंबं पार ग्रेट निकोबारला नेऊन वसवत होतं. जमीन द्यायचं, बोटीनं न्यायचं. त्यात आपल्याकडचीही घरं होती. बायकांना मराठीशिवाय काही येत नव्हतं, म्हणून त्यांची देखभाल करायला बोटीवर एक मराठी बाई हवी होती. एका संस्थेनं मला पाठवलं. मद्रासच्या बंदरात पाय ठेवेपर्यंत मी समुद्र बघितलासुद्धा नव्हता.

त्या तर देशावरच्या बायका, विहिरीपलीकडचं पाणी ठाऊक नाही. बोट हलली आणि खालच्या डेकवर एकच आकांत झाला. एकीनं स्वतःला लुगड्यानं खाटेला बांधून घेतलं. एकीनं घरचा वरवंटा आणला होता, तो घरंगळत सगळ्यांच्या पायांवर फिरायला लागला. नळाच्या पाण्याला गंजाचा वास, म्हणून पाणी पिईनात. भात-सांबार बघून तोंडं फिरवायच्या. मी उलट्यांच्या बादल्या धुवायची, लिंबाच्या फोडी वाटायची आणि एकेकीला सांगायची, “धीर धरा, धीर धरा.” माझ्याकडे कुठला धीर? मीही ओकायची, तोंड पुसायची आणि पुढच्या बाईकडे जाऊन पुन्हा तेच. बायका मला ‘धीरधरा बाई’ म्हणायला लागल्या.

शालनबाईला आठवा महिना सरत आला होता. हवालदार आबाजींची बायको, साताऱ्याकडची. बोटीवर चढल्यापासून तिच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. “मला भाकरी पायजे,” एवढंच म्हणायची. मी गेले आचाऱ्याकडे. तो म्हणाला, प्रवाशांना भटारखान्यात यायला मनाई आहे. मी म्हटलं, “तुझी मनाई ठेव खिशात. दोन जिवांची बाई उपाशी मेली तर कप्तानाला काय ते तू सांग.” त्या भांडणात माझं हिंदी आणि त्याचं तमिळ दोन्ही संपलं, पण दुपारची जेवणं उरकल्यावर एक चूल आम्हाला मिळाली.

मग नवा घोळ. बायका म्हणाल्या, आमचा तवा वेगळा आणि त्यांचा वेगळा. ‘त्यांचा’ म्हणजे आमच्या लोकांचा. महार रेजिमेंटमधली दोन-तीन घरं होती बोटीवर. माझं टाळकं सटकलं. म्हटलं, “तवा एक, परात एक. पटत नसेल त्यांनी सांबार-भात खावा.” मग शालनबाईच पोट सावरत उठली आणि तिनं पिठात हात घातला. “मळा गं,” म्हणाली. “बुडलो तर समद्या एकदमच बुडू की!” बोट डोलली की तवा घसरायचा. दोघींनी दोन्हीकडून तवा धरायचा आणि तिसरीनं भाकरी टाकायची. वाकडी व्हायची, करपायची. पण तशी चव मी पुन्हा कुठे चाखली नाही, आणि पुढे मी हजारो माणसांचं कँटीन चालवलंय.

पोर्ट ब्लेअरला दुसऱ्या बोटीवर चढलो आणि दिवस भरायच्या आधीच शालनबाईला कळा सुरू झाल्या. बोटीवर डॉक्टर होता, पण तिनं त्याला जवळ फिरकू दिलं नाही. तो पडद्याबाहेरून सांगायचा आणि मी आत करायची. मुलगा झाला. तो आधी माझ्या हातात आला आणि मग त्याच्या आईच्या.

बाराव्या दिवसापर्यंत थांबायला वेळच नव्हता. उद्या सगळे उतरणार आणि मी बोटीबरोबर माघारी फिरणार. शालनबाई हट्टाला पेटली. “बिननावाचं पोर परक्या मातीत उतरवायचं न्हाई. बारसं हितंच करायचं.” मग काय! लुगड्याचा पाळणा दोन पाइपांना बांधला. झोका द्यायचं कामच नव्हतं, बोट देत होती. भांडारातले हरभरे मागून घुगऱ्या शिजवल्या. सगळी तयारी झाली आणि कोणीतरी विचारलं, आत्या कुठाय? नाव ठेवायचं ते बापाच्या बहिणीनं. आबाजींच्या बहिणी साताऱ्याकडे राहिल्या. बायका एकमेकींची तोंडं बघायला लागल्या.

“ही काय हितं हुबी हाय की,” शालनबाई म्हणाली आणि माझ्याकडे बोट केलं.

मला शिकवलं होतं, मदत करायची, नाती जोडायची नाहीत. मी ते सांगायला लागले तर म्हणाली, “लई शिकलाय, ठावं हाय आमाला. वाका आता.” कप्तानानं ‘सागर’ नाव सुचवलं होतं. तिला ते नको होतं. “ह्या पान्यानं जीव नकोसा केला, त्याचंच नाव व्हय?” मी पाळण्यावर वाकले, बाळाच्या कानात कुर्रर्र केलं, आणि बोट सुटल्यापासून तोंडात जे बसलं होतं तेच बाहेर आलं. धीरज.

नाव ठेवायला आत्या वाकली की मागून बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे, ही रीत. पण कोणी हात उचलेना. मी मॅडम होते, आणि मी कुणाच्यातली तेही सगळ्यांना माहीत होतं. एका तव्यावरचं खाणं वेगळं आणि अंगाला हात लावणं वेगळं. मी तशीच वाकून राहिले. कानात रक्त चढलं होतं, लाज वाटत होती. तेवढ्यात शालनबाई, ओली बाळंतीण ती, उठली आणि माझ्या पाठीत असा रट्टा दिला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. “मारा की गं! बगताय काय?” मग सगळ्या तुटून पडल्या. गाव सुटल्याचं दुःख, आईबापाचं तोंड परत दिसेल की नाही याची भीती, सगळं माझ्या पाठीवर निघालं. मारता मारता हसत होत्या आणि रडतही होत्या. तेवढा मार मी जन्मात खाल्ला नाही, आणि तेवढं आपलं मला कोणी केलं नाही.

उतरताना शालनबाई म्हणाली, “नाव ठिवून पळायचं न्हाई बरं. आत्या झालाय तुमी. माझ्या पोराचं कुनी दारात आलं तर मागं हुबं ऱ्हावं लागंल.” मी हो म्हटलं. बाविसाव्या वर्षी माणूस कशालाही हो म्हणतं.

आणि आता तिच्या पोराचं पोर माझ्या सोफ्यावर बसून बोटं मोडत होतं.

“काम काय काढलंस ते सांग,” मी म्हटलं.

काम लग्नाचं होतं. कुरुळीतल्या जुन्या शेतकरी घरातला प्रीतम तिच्याच कंपनीत आहे. दोघांचं जमलंय. प्रीतमच्या आईवडलांनाही पोरगी पसंत आहे, पण त्या घरात आजोबांच्या, सोपानरावांच्या शब्दाबाहेर कोणी जात नाही. आणि सोपानराव म्हणतात, पोरगी चांगली हाय, पन हिच्या मागं मानसं कोन? दिव्या बिचारी आबाजींच्या गावीही जाऊन आली होती. भाऊबंदांना वाटलं, जमिनीत वाटा मागायला आली. “आमी न्हाई वळखत,” म्हणून त्यांनी दारातूनच वाटेला लावलं. आईकडचा तेलुगू मामा आहे, पण सोपानरावांना बापाकडचं वडीलधारं माणूस हवं. रविवारी, म्हणजे उद्याच, कोणी समोर आलं नाही तर ते प्रीतमसाठी दुसरीकडे सुपारी फोडणार होते.

“तुम्ही याल ना, आत्याआजी?”

येणार तर होतेच. पण भीती वाटली, खोटं कशाला बोलू? शालनबाईचं घर मराठ्याचं, सोपानरावांचंही तेच. मी गेल्यानं जमत आलेलं मोडलं तर? म्हातारपणी नातीच्या संसारात माती कालवायची?

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रीतम गाडी घेऊन न्यायला आला. पोरगा गुणी वाटला, पण तोंड उतरलेलं. मोशी ओलांडली, कंटेनरांच्या रांगेत अडकलो, तेव्हा हळूच म्हणाला, “आजी, राग मानू नका. आजोबांनी विचारलं तर नुसतं आडनाव सांगा. गायकवाड म्हटलं की ते पुढे काही विचारणार नाहीत.”

दिव्याकडून त्याला माझं सगळं कळलेलं दिसलं. दिव्या खिडकीबाहेर बघत बसली. माझ्या आडनावाची ही सोय मला आयुष्यभर माहीत आहे. मी ती कधी वापरली नाही, पण तेव्हा फक्त माझा प्रश्न होता. आज या पोरीचा होता. गाडी कुरुळीत शिरेपर्यंत माझं काही ठरलं नव्हतं.

सोपानरावांचा बंगला मोठा, मागे कामगारांना भाड्यानं दिलेल्या खोल्यांची चाळ, हॉलमध्ये शर्यतीच्या बैलाचा हार घातलेला फोटो. सोपानराव पांढऱ्या टोपीत ताठ बसलेले. आतल्या दारात बायका, आणि सगळ्यांत पुढे त्यांच्या मालकीणबाई, अंबुबाई. नाकात नथ, हातात काठी.

“बसा,” सोपानराव म्हणाले. “नाव?”

“कस्तुरा गायकवाड.”

म्हाताऱ्याचा चेहरा एकदम खुलला. “गायकवाड! म्हंजे आपल्या दावडीकडचे का?”

नुसती मान हलवली असती तर काम फत्ते होतं. प्रीतम पायाच्या अंगठ्याकडे बघत होता. आणि मला एकदम ती परात आठवली, पिठानं भरलेले शालनबाईचे हात आठवले. तिनं सगळ्यांसमोर केलं होतं ते मी चोरून कसं मिरवू?

“नाही,” मी म्हटलं. “आम्ही जुन्नरकडचे. बौद्ध आहोत आम्ही.”

सोपानरावांनी टोपी काढली, परत घातली.

“मंग ह्या पोरीची तुमी कोन?”

“तिच्या बापाची आत्या.”

“कसं काय बाई? रक्ताचं न्हाई, जातीचं न्हाई. थट्टा करताय व्हय?”

झालं! भडकले मी. “थट्टा करायला या वयात निगडीहून येते का मी? हिचा बाप ह्या हातांत जन्मला. भाऊबंद ओळखत नाहीत, कारण त्यांना वाट्याची भीती आहे. मला वाटा नको, मी ओळखते. आबाजी हवालदाराची नात आहे ही, शालनबाईची नात. ते बोटीवरून उतरले तेव्हा मी तिथे उभी होते. ते बघितलेलं दुसरं कोणी हिच्याकडे राहिलेलं नाही, सगळी त्या लाटेत गेली.” मग बोट, भाकरी, पाळणा, सगळं बोलून टाकलं. आवाज चढला होता, मध्येच फुटला, मी तशीच बोलत राहिले. दिव्या माझ्या दंडाला घट्ट धरून बसली होती.

“नाव कुनी ठिवलं म्हनता?” दारातून अंबुबाईंनी विचारलं.

“मी.”

“कानात कुर्र केलं?”

“केलं.”

“मंग पाठीत?”

“सगळ्या बोटीनं मारलं. आधी कोणी हात लावेना. पहिला हात बाळंतिणीनं टाकला.”

अंबुबाई काठी टेकत दोन पावलं पुढे आल्या. मग नवऱ्याकडे वळल्या. “अवो, सोयरीक तुमी पुरुषांनी बगा. आत्या बारशाला बायका ठरवत्यात. ठरवल्याली हाय ती. आता तुमी कोन तिला इचारनार?”

सोपानराव घुटमळले. माणूस वाईट नव्हता, त्याची शंका खरी होती. “आगं, मी कशापायी इचारतोय? उद्या घरात भांडान झालं, पोरगी रुसली, तर जाईल कुटं? पोरीला म्हायेर नको व्हय?”

“माझ्याकडे येईल,” मी म्हटलं. “निगडीला. माझं दार तिला कायम उघडं आहे. फक्त दुपारी दोन ते चार मी…” आणि दिव्याचे डोळे बघून थांबले. “दोन ते चार आली तरी चालेल.”

दिव्या खुदकन हसली आणि लगेच रडायला लागली. सोपानरावांनी खाकरून घसा साफ केला. “सुपारी आना रं,” आतल्या बाजूला बघून म्हणाले. “आन च्या टाका पाव्हन्यांना. केवढ्या लांबून आल्यात.”

निगडी काय लांब आहे? पण मी ते बोलले नाही. डोळे पुसायला खाली वाकले तेवढ्यात मागून पाठीत असा दणका बसला की श्वासच अडकला. वळून बघते तर अंबुबाई, काठी बगलेत धरून उभ्या.

“हा माझा धपाटा,” म्हणाल्या. “तवा बोटीवर न्हवते ना मी.”

पाठ दोन दिवस ठणकत होती. दिव्या फोनवर म्हणाली, आत्याआजी, मलम लावा. मी लावलं नाही.